खण एकशे सतरा

क्लाक्सविकच्या धक्क्याला लागून माशांचा कारखाना.
मागच्या खोलीत चार कॉम्प्रेसर, अमोनियाचा ओझरता वास
आणि भिंतीवर एक करडी पेटी,
जिचं दोन तारांवरचं संथ, एकसुरी बोलणं
गेली सत्तावीस वर्षं चालू आहे.

समोरच्या नव्या इमारतीत सगळं भराभर.
तिथल्या यंत्रांना ऐकून घ्यायची सवय नाही.
दोघांच्या मधे बसवायला रान्वानं आणलाय
एक गेटवे, जेवणाच्या डब्याएवढा.
दुभाष्याला जागा ती कितीशी लागणार.

पहिला दिवस तारा ओळखण्यातच गेला.
एका कंपनीची ए ती दुसरीची बी,
आणि छापील आकृत्यांत दोघीही बरोबर.
अदलाबदल केली. टोकाला एकशे वीस ओहमचा रोध लावला.
हिरवा दिवा एकदा लुकलुकला नि गप्प.

"तू फार घाईनं विचारतेस त्यांना,"
ह्याल्ग्रीम म्हणाला, पाना पुसत.
खरंच होतं ते. जुनी यंत्रं दोन निरोपांच्या मधे
साडेतीन अक्षरांएवढी शांतता पाळतात.
तेवढी मिळाली, तरच समजतात
की समोरच्याचं बोलून झालंय.
नाही मिळाली, तर ऐकलेलं सगळं सांडून देतात.

साडेतीन.
माझ्या भाषेत मुहूर्त साडेतीन, देह साडेतीन हातांचा.
हे माप मला अटलांटिकच्या वाऱ्यात भेटेल,
तेही दोन तांब्याच्या तारांमधे,
असं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आकडे आले.
शीतगृह क्रमांक दोन:
सहा हजार पाचशे अठ्ठावीस अंश, वर सहा दशांश.
ह्याल्ग्रीमनं उठून दारावरचं बर्फ नखानं खरवडलं,
"मासे शिजले म्हणायचे!"
आणि इतका हसला की खोकल्याची उबळ आली.
चूक एवढीशीच: उण्याचं चिन्ह
सीमेवर उतरवून घेतलं गेलं होतं.
रान्वानं एका चौकोनात खूण केली
आणि उणे पंचवीस पुन्हा उणे पंचवीस झाले.

मग मोजायचं शून्यापासून की एकापासून, यात संध्याकाळ.
डेन्मार्कहून फोनवरचा माणूस म्हणे शून्य,
पुस्तिका म्हणे एक.
तोवर तेलाचा दाब तापमानाच्या खुर्चीत बसलेला,
तापमान शेजारी, अवघडून.

सगळे आपापल्या जागी गेल्यावर
यादीच्या तळाशी एक खण उरला. एकशे सतरावा.
नाव नाही, एकक नाही, पुस्तिकेत नुसतं "राखीव".
आत आकडा: अकरा हजार चारशे बारा.
"हे काय मोजतंय?"

ह्याल्ग्रीमनं पाना खिशात घातला, परत काढला.
दारामागे, कोटाच्या खुंटीखाली, एक काळं बटण होतं.
"आलो की दाबतो," तो म्हणाला.
"पेटी बसवणाऱ्या पोरानं गंमत म्हणून जोडून दिलं होतं.
त्याला वाटलं असेल, आठवडाभर दाबेन."

"नव्या इमारतीला याचा उपयोग नाही."
"नाहीच."

ऑक्टोबरमधे तो निवृत्त होणार, हे तिला ठाऊक होतं.
ती बराच वेळ कर्सरकडे बघत बसली.
नावाच्या जागी काहीतरी लिहिलं, पुसलं,
नाव न देताच तो खण पलीकडे जोडला
आणि लॅपटॉप मिटला.

सकाळी नव्या इमारतीत पडद्याच्या कोपऱ्यात
अकरा हजार चारशे बाराचे तेरा झाले.
पाळीवरच्या सामालनं कॉफी खाली ठेवली.
"हा कसला आकडा? काही बिघडलंय का?"
रान्वानं खिडकीतून पाहिलं. धुकं होतं,
पलीकडचं दारसुद्धा दिसत नव्हतं.
"नाही," ती म्हणाली,
"आला."